आगकाडीपासून काडेपेटीपर्यंत

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली पडद्यावर आगकाड्या नाचवल्या. ‘आगकाड्यांची मौज’ असे त्या चिमुकल्या चित्रपटाचे नाव. महायुद्ध सुरू झाले होते, भांडवल आटले होते, परदेशातून येणारी कच्ची फिल्म महाग आणि दुर्मीळ झाली होती. अशा दिवसांत देवदेवता, राजवाडे आणि वेशभूषा यांऐवजी टेबलावर मावणारी सामग्री घेऊन हा माणूस बसला, एक काडी किंचित सरकवून एक चौकट टिपली, पुन्हा सरकवली, पुन्हा टिपली. पॅरिसमध्ये एमिल कोल याने हाच खेळ १९०८ साली केलेला होता, तेव्हा कल्पना अगदी कोरी होती असे नाही. परंतु आपल्याकडे तो पहिलाच. आज हा चित्रपट उपलब्ध नाही. नाव आणि साल तेवढे उरले आहे.

त्यानंतर एक्क्याण्णव वर्षांनी, २००६ साली, मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा पंधरा मिनिटांचा लघुपट कान येथे समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि तीन पुरस्कार घेऊन परतला. मोठ्या शहरातल्या सदनिकेत मांजरासह राहणारी एक एकटी वृद्धा, आणि तिने जमवलेल्या काडेपेट्या. पेटीवरचे छापील चित्र उघडते आणि बाई त्यात शिरते. घरातला दिवस करडा, पेटीतले जग रंगीत. संवाद एकही नाही. फाळके आणि राव, दोघेही एकाच आवारात शिकलेले: फाळक्यांनी १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, राव १९९४ साली जे. जे.च्या उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्या. आगकाडी आणि काडेपेटी यांची ही भेट निव्वळ योगायोग आहे, आणि तिच्यावर परंपरेचा इमला चढवण्याची आमची इच्छा नाही. आम्हाला कुतूहल आहे ते मधल्या नव्वद वर्षांचे. कोणी सांगितले नसताना, कोणी पैसे दिले नसताना, एका माणसाने टेबलाशी बसून चित्रामागून चित्र काढावे आणि त्याचा चित्रपट करावा ही गोष्ट मध्यंतरी कोठे गेली होती, आणि ती परत आली तेव्हा तिला प्रेक्षक परमुलखात का शोधावा लागला?

आधी हिशेब पाहू, कारण या कलेचा इतिहास बव्हंशी हिशेबाचाच इतिहास आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. काटकसरीने एक चित्र दोन चौकटींना वापरले, तर सेकंदाला बारा चित्रे लागतात. पंधरा मिनिटे म्हणजे नऊशे सेकंद, म्हणजे दहा हजार आठशे चित्रे. एक व्यक्ती दिवसाला दहा रंगवलेली चित्रे पुरी करते असे धरले, तर एक हजार ऐंशी दिवस झाले. रविवार, दिवाळी, ताप, पाहुणे यांतले काहीही वजा न करता जवळजवळ तीन वर्षे. यात कथाफलक, चुकलेली आणि फेकून दिलेली चित्रे, संकलन आणि ध्वनी यांचा समावेश नाही. कागदाचा आणि रंगाचा खर्च त्या मानाने किरकोळ. खरा खर्च त्या तीन वर्षांच्या घरभाड्याचा, रेशनचा आणि नाकारलेल्या कामांचा. जाहिरातीसाठी केलेल्या तीस सेकंदांचे पैसे लगोलग मिळतात. स्वतःच्या पंधरा मिनिटांचे पैसे देणारा कोणी नसतो.

फाळक्यांना हा हिशेब फार लवकर कळला होता. १९१२ साली विलायतेहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतल्यावर, भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी आधी कथा सांगितली नाही. कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी रोवून महिन्याभराहून अधिक काळ ते त्या रोपाच्या सुट्या चौकटी टिपत राहिले, आणि पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ते चित्रण ओळखले जाते. भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल या वाटाण्याने मिळवून दिले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ‘एकट्याने केलेला चित्रपट’ या शब्दप्रयोगात घरातील दुसरी माणसे नेहमी झाकली जातात. विलायतेचा प्रवास विम्याच्या पॉलिसीवर काढलेल्या कर्जातून झाला, पुढच्या चित्रपटासाठी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे किचकट काम रात्री त्याच बाई करत. स्वतंत्र निर्मितीचा जो इतिहास पुढे आपण वाचतो, त्यात बहुतेक ठिकाणी अशी एक सरस्वतीबाई असते. ती श्रेयनामावलीत सहसा सापडत नाही.

फाळक्यांचे हे छोटे खेळ पुढे चालले नाहीत, आणि त्याचे कारण उघड आहे. ते दाखवायचे कोठे? पौराणिक चित्रपटाच्या आगेमागे जोडपदार्थ म्हणून ते खपत. १९१४ मध्ये फाळके लंडनला आपले चित्रपट घेऊन गेले ते ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’. लंडनच्या दर्शकांपुढे ठेवण्यासारखा माल म्हणजे पूर्ण कथानक असलेला चित्रपट, हा व्यवहार तेव्हाच ठरून गेला होता. केवळ लघुपटासाठी जमणारा, त्याचे तिकीट काढणारा किंवा त्याची परीक्षा करणारा समूह तोवर जगात कोठेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे उत्तर सरकारने दिले. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि १९५६ साली तिच्यात व्यंगपट विभाग उघडला गेला. अमेरिकी तांत्रिक साहाय्यातून क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या तालमीत तयार झालेले गृहस्थ शिकवायला आले. ते मिशनरी दांपत्याचे पुत्र आणि जन्माने भारतातलेच. गो. के. गोखले, राम मोहन ही मंडळी त्यांच्याबरोबर काम करू लागली, आणि १९५७ साली जातककथेवरील ‘द बनियन डियर’ तयार झाला. त्या विभागातल्या चित्रकारांच्या हाताबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पगार दरमहा येत होता, पारदर्शक पत्रे आणि कॅमेरा होता, एकाने रेखाटावे आणि दुसऱ्याने रंगवावे अशी कामाची वाटणी होती. आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक होता. चित्रपटगृहाच्या परवान्यातच अट असे, की प्रत्येक खेळाबरोबर मान्यताप्राप्त माहितीपट दाखवलाच पाहिजे. १९९९ साली या अटीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि न्यायालयाने अट वैध ठरवली. गावोगावच्या तंबूपासून मेट्रोपर्यंत, भारतीय ॲनिमेशनला जेवढे डोळे त्या काळात लाभले तेवढे पुढे कधी लाभले नाहीत.

मात्र ते डोळे कोठे असत, हे आम्हाला ठाऊक आहे. ‘भारतीय समाचार चित्र’ ही अक्षरे पडद्यावर आली की आम्ही बाहेर वडा खात उभे असायचो, आणि मुख्य चित्रपटाचे प्रमाणपत्र झळकल्यावर अंधारात लोकांचे पाय तुडवत जागेवर परतायचो. त्या वड्यापायी आम्ही काय काय गमावले याची यादी करण्याचे धाडस आज होत नाही. कुटुंबनियोजन, अल्पबचत, स्वच्छता, एकात्मता असे विषय ठरवून मिळत. विषयाची मुभा नसताना या चित्रकारांनी रेषेची जी मुभा घेतली, ती आता पाहताना थक्क व्हायला होते. या व्यवस्थेत चित्रपटाला घर होते, प्रेक्षक होता. कर्त्याला मात्र आपल्या मनातले पंधरा मिनिटांचे काही सांगायचे असेल तर त्यासाठी रकाना नव्हता.

सरकारी पैसा म्हणजे निर्जीव काम, असा आमचा दावा मुळीच नाही. आमच्या पिढीला दूरदर्शनवर पाठ झालेला ‘एक अनेक और एकता’ (१९७४) हा शैक्षणिक प्रकल्पातूनच आला. त्यामागे विजया मुळे यांची दृष्टी होती आणि भीमसेन यांचे चित्रांकन. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डने तर सरकारी पगारावर कलावंताला त्याच्या लहरीप्रमाणे काम करू दिले. गुजरातहून तेथे गेलेल्या ईशू पटेल यांनी हजारो मणी एकेक करून सरकवत ‘बीड गेम’ (१९७७) केला आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. प्रश्न पैसा कोणाचा हा नव्हता. विषय कोणी निवडायचा हा होता. कॅनडात तो टेबलाशी बसलेला माणूस निवडे, आपल्याकडे मंत्रालयाचे पत्र निवडे.

याच भीमसेन यांनी आपल्याकडची एक वाट आधी मोकळी केली होती. फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवता रंगवता ते ही कला शिकले आणि नोकरीबाहेर पडून १९७० साली त्यांनी ‘द क्लाइंब’ हा स्वतःचा लघुपट केला. शिकागोच्या महोत्सवात त्याला रौप्य ह्यूगो मिळाला. आपल्या संस्थेला त्यांनी याच चित्रपटाचे नाव दिले. पण पुढे काय झाले? पुरस्काराने लघुपटाचा धंदा उभा राहिला नाही. भीमसेन यांनी १९७७ साली ‘घरौंदा’ हा मुंबईतल्या जागेच्या टंचाईवरील कथापट केला, जाहिराती आणि मालिका केल्या. राम मोहन १९६८ साली नोकरी सोडून बाहेर आले, १९७२ पासून त्यांची स्वतःची संस्था झाली. पण त्या काळातले त्यांचे अनेकांना आठवणारे काम इतरांच्या चित्रपटांत पाहुण्यासारखे आले आहे: मृणाल सेनांच्या ‘भुवन शोम’मध्ये, सत्यजित रायांच्या ‘शतरंज के खिलाडी’मध्ये. एवढ्या ताकदीच्या हाताला हक्काची खोली मिळू नये आणि ओसरीवर बसावे लागावे, ही त्या दशकांची गोष्ट आहे.

त्याच सुमारास युरोपात मात्र लघुपटासाठी जमणारा समूह तयार होत होता. १९५६ साली कान येथे ॲनिमेशन करणाऱ्यांचा मेळावा भरला, आणि १९६० साली आन्सी या फ्रेंच गावात केवळ याच कलेचा महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी ‘असिफा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि नॉर्मन मॅक्लारेन तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे झाग्रेब (१९७२), ओटावा (१९७६), हिरोशिमा (१९८५) अशी ठाणी वाढत गेली. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही बाजूंचे चित्रकार ज्या थोड्या ठिकाणी एका खोलीत बसून एकमेकांची रिळे पाहू शकत, त्यांत ही ठाणी होती. आपल्याकडे ‘महोत्सव’ म्हटले की लाल गालिचा आणि छायाचित्रकार डोळ्यांपुढे येतात. लघुपटाच्या बाबतीत हे चित्र साफ चुकीचे आहे. कथापटासाठी महोत्सव ही प्रदर्शनापूर्वीची ओवाळणी असते. लघुपटासाठी महोत्सव हेच प्रदर्शन. चित्रपटगृह त्याला घेत नाही, तिकीट त्याच्या नावाने फाटत नाही. हिरोशिमाच्या एखाद्या सभागृहातले दोन-तीनशे लोक, हाच त्याचा ‘पहिला शुक्रवार’.

महोत्सवाचा आणखी एक उपकार आहे, जो सहसा कोणी मान्य करत नाही: तो अंतिम तारीख देतो. कोणाचेच देणे नसलेला चित्रपट पुरा होण्याचीही सक्ती नसते. रशियाचे युरी नॉरस्टाइन यांनी १९८१ साली गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर काम सुरू केले, चार दशके उलटली, चित्रपट अपूर्णच आहे. ‘टेल ऑफ टेल्स’सारखी अजोड कृती देणाऱ्याचे असे होते, तर इतरांची काय कथा! प्रवेशिका पाठवण्याचा दिवस जवळ आला की मात्र हात चालतो, आणि नकोसा प्रसंग कापण्याचे धैर्यही येते. कापणे भाग असते, कारण लघुपटांचा एक खेळ साधारण ऐंशी-नव्वद मिनिटांचा आणि त्यात दहा-बारा चित्रपट बसवायचे असतात. पाच मिनिटांचा चित्रपट निवडताना समितीला हरकत नसते. पंधरा मिनिटांचा निवडायचा म्हणजे आणखी दोघांना घरी पाठवायचे.

‘प्रिंटेड रेनबो’ पंधरा मिनिटांचा होता, आणि तरी निवडला गेला. गीतांजली राव यांनी राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलेले. म्हणजे वीक्स, राम मोहन, राव अशी शिकवणुकीची साखळी थेट त्या १९५६ च्या विभागापर्यंत पोचते. २००२ साली त्यांनी ‘ऑरेंज’ हा पहिला लघुपट केला, आणि त्यानंतर काडेपेट्यांचा हा चित्रपट. लेखन, दिग्दर्शन, चित्रे, निर्मिती, सारे त्यांचेच. संगणक आला होता, आणि त्यामुळे पूर्वी ज्या कामाला भलामोठा कॅमेरा आणि तंत्रज्ञांची फौज लागे, ते घरातल्या टेबलावर होऊ लागले होते. संगणकाने हातांची संख्या कमी केली. चित्रांची संख्या तेवढीच राहिली. या लघुपटातला वृद्धेचा स्वयंपाक, तिची संथ हालचाल, मांजराचे आळोखेपिळोखे पाहताना एक गोष्ट जाणवते. इतक्या बारकाव्यांसाठी लागणारा वेळ कोणत्याही ग्राहकाने मान्य केला नसता. म्हाताऱ्या बाईच्या हाताला लागणारा वेळ चित्रकर्तीने स्वतःच्या आयुष्यातून काढून दिला आहे.

कानचा समीक्षक सप्ताह फ्रेंच समीक्षकांच्या संघटनेने १९६२ साली सुरू केला. मुख्य स्पर्धेच्या सावलीत, नवोदितांसाठी, मोजके चित्रपट. तेथे मिळालेल्या तीन पुरस्कारांपैकी एक कोडॅकचा, एक तरुण समीक्षकांचा, आणि तिसरा ‘पेती राय दॉर’, म्हणजे छोटा सोनेरी रूळ. हा तिसरा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. तो देतात फ्रान्सच्या रेल्वेतील चित्रपटवेडे कर्मचारी. इंजिनाशी, सिग्नलशी आणि वेळापत्रकाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्या माणसांना मुंबईच्या सदनिकेतली, काडेपेट्या जमवणारी, एक शब्दही न बोलणारी बाई आपली वाटली. आणि ज्या शहराची ती बाई, त्या शहरात चर्चगेट ते विरार रोज लोंबकळत जाणाऱ्या आमच्यासारख्यांना तो चित्रपट अमुक चित्रपटगृहात अमुक वाजता लागला आहे, असे वर्तमानपत्रात कधी वाचायला मिळाले नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या ॲनिमेशनला प्रेक्षक होता, विषयाचे स्वातंत्र्य नव्हते. येथे स्वातंत्र्य होते आणि प्रेक्षक सहा-सात हजार किलोमीटरवर होता.

त्या काळात तो तेथवर नेणे हेही एक काम होते. प्रवेशिकेसोबत डीव्हीडी जाई, पण निवड झाल्यावर बहुतेक मोठ्या महोत्सवांना पस्तीस मिलिमीटरची प्रत हवी असे. संगणकातली चित्रे फिल्मवर उतरवायची, ध्वनीची पट्टी जोडायची, प्रत काढायची. पंधरा मिनिटांची प्रत सुमारे साडेतेराशे फूट भरते. ती डब्यात घालून कुरिअरने पाठवायची, जकातीच्या कागदांवर ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहायचे, आणि एका महोत्सवातून ती दुसऱ्या महोत्सवाकडे वेळेत निघाली की नाही यासाठी पत्रव्यवहार करत राहायचे. प्रती एक-दोनच, मार्ग चुकला की त्या आठवड्याचा खेळ बुडाला. संवाद नसण्याचा येथे व्यावहारिक फायदाही झाला असणार: उपशीर्षकांचा खर्च वाचला आणि कोणत्याही भाषेच्या सभागृहात चित्रपट तसाच लावता आला.

आज हे सारे सोपे झाले आहे, निदान वरवर तरी. ‘विदाउट अ बॉक्स’ ही नोंदणीची जालीय सेवा २००० साली आली आणि २०१९ मध्ये बंद पडली. ‘फिल्म फ्रीवे’ २०१४ साली आली आणि बस्तान बसवून आहे. दुवा पाठवला की प्रवेशिका झाली. परिणामी सर्वांनीच सर्वत्र पाठवायला सुरुवात केली, निवड समित्यांपुढे ढीग वाढले, आणि शुल्क भरून चित्रपट करणाऱ्याचा खिसा रिकामा होऊ लागला. दरमहा ‘पुरस्कार’ वाटणारे, सभागृह नसलेले, केवळ भित्तिपत्रकावर छापायची पाने विकणारे महोत्सवही उगवले. नवख्या मुलांना आमचे सांगणे एवढेच, की ज्या ठिकाणी प्रत्यक्ष खुर्च्या मांडल्या जातात तेथेच पाठवा.

आणि मुंबईत खुर्च्या मांडणारी संस्था कोणती होती? पुन्हा फिल्म्स डिव्हिजनच. १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांचा ‘मिफ’ हा द्वैवार्षिक महोत्सव तिनेच भरवला. ज्या संस्थेत पूर्वी स्वतःच्या विषयाला रकाना नव्हता, तिच्याच आवारात पेडर रोडला आम्ही परदेशांतली कितीतरी स्वतंत्र कामे पायरीवर बसून पाहिली. ही संस्था पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्याचा आदेश २०२२ साली निघाला.

गीतांजली राव यांचा ‘ट्रू लव्ह स्टोरी’ २०१४ साली पुन्हा त्याच समीक्षक सप्ताहात निवडला गेला. मुंबईच्या रस्त्यावर राहणाऱ्या दोघांची ती गोष्ट वाढत जाऊन ‘बॉम्बे रोझ’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा तो उद्घाटनाचा चित्रपट होता. चौकटी अजूनही हातानेच रंगवलेल्या, पण आता अनेक चित्रकारांनी मिळून, एका स्टुडिओत, निर्मात्यांच्या पैशाने. २०२१ साली तो नेटफ्लिक्सवर आला आणि विरारच्या गाडीत बसून भ्रमणध्वनीवर पाहता येऊ लागला.

लघुपटांचे तसे झाले नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सांभाळली गेली आहेत, कारण तो पहिला कथापट होता आणि कोणीतरी तो शोधला. आगकाड्या कोणी शोधल्या नाहीत. गेल्या पंचवीस वर्षांत घरच्या टेबलांवर झालेले स्वतंत्र लघुपट कर्त्यांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर आहेत, आणि त्यांतल्या काही डिस्क आता चालूही होत नाहीत. परवा एका मित्राने आपला २००४ सालचा सात मिनिटांचा लघुपट आम्हाला दाखवायला घेतला, तर ज्या आज्ञावलीत तो बनवला होता ती कोणत्याच संगणकावर उघडेना. मूळ चित्रे कागदावर होती. ती माळ्यावरच्या खोक्यात आहेत, साधारण पाच हजार. पावसाळ्याआधी खोके उतरवायचे ठरले आहे.